पळण्याआधी अंगठे धरून थांबू नका

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सकाळी सहाला नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर पोचता, स्कूटी लावली की लगेच वाकून पायाचे अंगठे धरता आणि मग पळायला लागता. पहिल्याच फेरीत पोटरी आवळते. मैत्रीण म्हणते स्ट्रेचिंग कमी पडतंय, भाऊ म्हणतो ती सगळी थेरं सोड आणि सरळ पळ. शिवाय रविवारी पांडवलेणीची टेकडी चढून-उतरून आल्यावर नीट स्ट्रेचिंग केलं, तरी दोन दिवस मांड्या का धरल्या?

मैत्रीण आणि भाऊ, दोघांचंही अर्धंच खरं आहे. तयारी हवीच, पण अंगठे धरून थांबणं ही तयारी नव्हे. थंडीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, त्यात स्कूटीवरचा वारा. पाय आधीच गारठलेले. ते नुसते ताणून धरल्याने गरम होत नाहीत, हलवल्याने होतात. वॉर्म-अपमध्ये स्नायूंचं तापमान वाढतं, त्यांना रक्त जास्त मिळतं आणि हृदयालाही एकदम दणका न बसता वेग धरता येतो. उलट एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून ठेवला, तर त्याची ताकद काही वेळ किंचित उतरते. उड्या मारणाऱ्याला, शंभर मीटर पळणाऱ्याला ते महागात पडेल. तुम्हाआम्हाला तेवढा फरक पडत नाही, पण वेळ चुकीच्या कामात जातो हे नक्की.

म्हणून पाच-सात मिनिटं झपाझप चाला. श्वास वाढला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. मग कडेला कशाचा तरी आधार घेऊन एकेक पाय पुढे-मागे झुलवा, गुडघे उचलत थोडं चाला, घोटे फिरवा. तुमचं दुखणं पोटरीचं, तेव्हा तिच्याकडे जरा जास्त लक्ष : दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर या आणि अगदी सावकाश खाली उतरा, असं पंधरा-वीस वेळा. खाली येताना धपकन टाच आपटू नका, खरं काम त्या उतरण्यातच आहे. त्यानंतरची पहिली फेरी इतकी हळू, की चालणारे आजोबा शेजारून पुढे गेले तरी चालेल. स्वेटर काढावासा वाटला की समजा गाडी तापली.

सूर्यनमस्कार घालत असाल तर तेही उत्तम, फक्त पहिले दोन-तीन संथ घाला आणि खाली वाकताना गुडघे सरळच हवेत हा हट्ट धरू नका. घाई असेल त्या दिवशी पळणं कमी करा, वॉर्म-अप कापू नका.

पळून झाल्यावर लगेच बाकावर टेकू नका. पळताना पायांचे स्नायू आकसून रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की ते पायातच साठतं आणि काहींना गरगरतं. पाच मिनिटं चाला, श्वास बसू द्या.

आता स्ट्रेचिंग. पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत आणि बहुतेक जण एकच ताणतात. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली : हा वरचा स्नायू. तसंच उभं राहून मागचा गुडघा थोडा वाकवा, टाच मात्र उचलू नका. ताण खाली, टाचेच्या शिरेकडे सरकलेला जाणवेल, तो खालचा. प्रत्येकी तीस सेकंद, दोनदा. हिसके नकोत, श्वास रोखायचा नाही. ताण जाणवावा, कळ येऊ नये. मग मांडी पुढून-मागून आणि खुबा. बस.

पांडवलेणीचं मात्र वेगळं आहे. तिथे मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. पायऱ्या उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराचं वजन ब्रेकसारखं अडवतो, त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणतात, पण ते तास-दीड तासात निघून गेलेलं असतं. नंतरच्या स्ट्रेचिंगने हे दुखणं जवळपास कमी होत नाही, त्यामुळे तुम्ही काही चुकीचं केलं नव्हतं. स्ट्रेचिंग करायचं ते सांधे मोकळे राहावेत आणि बरं वाटावं म्हणून. मांड्यांवर उपाय एकच, सवय. अंजनेरीसारखा मोठा डोंगर डोक्यात असेल तर आधी दोन-तीन रविवार पांडवलेणीच करा. दुखणं दर वेळी कमी होत जाईल.

एक लक्षात ठेवा. वॉर्म-अप बदलूनही तीच पोटरी दोन-तीन आठवडे दुखत राहिली तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. एकाच पायाला सूज, लाली, गरमपणा असेल किंवा पळताना काहीतरी तटकन तुटल्यासारखं वाटलं, तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.