मेमरी आहे, पण लोटसला ती दिसत नाही

प्रश्न : गिरगावात माझ्या वडिलांचा छापखाना होता. त्यांचा ३८६ संगणक मी पुन्हा सुरू केला असून त्यावर डॉस ५ ही कार्यप्रणाली आणि लोटस १-२-३ या हिशेबाच्या कोष्टक-प्रोग्रामची दुसरी आवृत्ती आहे. लॅमिंग्टन रोडवरून जुनी मेमरी आणून १ एमबीची ४ एमबी केली. सुरू होताना यंत्र पूर्ण ४ एमबी मोजते, तरीही हिशेबाची मोठी फाइल उघडताना मेमरी भरल्याचा संदेश येतो. मेमरी सदोष असेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : यंत्र पूर्ण मोजणी करते, त्याअर्थी दोष मेमरीत असण्याची शक्यता कमी आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसरला १ एमबीपलीकडचा पत्ता देता येत नसे, आणि त्यातले वरचे ३८४ केबी पडदा, बायॉस (यंत्र सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) यांसाठी राखून ठेवल्यामुळे प्रोग्रामांच्या वाट्याला ६४० केबी आले. पुढच्या प्रोसेसरांनी ती मर्यादा ओलांडली, पण डॉस आणि त्यावरचे प्रोग्राम जुन्याच पद्धतीने पत्ते देत राहिले. आपण बसवलेली मेमरी १ एमबीच्या वर आहे. तिला एक्स्टेंडेड मेमरी म्हणतात. लोटसची ही आवृत्ती मात्र एक्स्पांडेड मेमरी मागते. नावे सारखी वाटतात, पण या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेकांची फसगत नेमकी इथेच होते.

एक्स्पांडेड मेमरीचे मानक लोटस, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९८५ मध्ये ठरवले. चाळीतल्या खोलीत माळ्यावर शेकडो वह्या असाव्यात आणि मेजावर एका वेळी चारच मावाव्यात, तशी ही रचना आहे : राखीव भागातल्या ६४ केबीच्या खिडकीत प्रत्येकी १६ केबीची चार पाने येतात आणि लागतील तशी बदलली जातात. पूर्वी त्यासाठी वेगळे कार्ड लागे. ३८६ वर मात्र ईएमएम३८६ हा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग हाताळणारा छोटा प्रोग्राम) एक्स्टेंडेड मेमरीच त्या रूपात सादर करतो.

डॉस सुरू होताना वाचते त्या कॉन्फिग डॉट सिस फाइलमध्ये आधी हायमेम या एक्स्टेंडेड मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची आणि तिच्याखाली ईएमएम३८६ ची ओळ हवी. क्रम उलटा चालत नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी २०४८ हा आकडा लिहावा, कारण आकडा न दिल्यास डॉस ५ केवळ २५६ केबी देते. त्या ओळीत 'नोईएमएस' हा शब्द असेल तर तो काढावा, कारण त्याने एक्स्पांडेड मेमरी बंदच होते. 'डॉस=हाय' ही ओळही घातल्यास डॉसचा बराचसा भाग वर जाऊन खालचे ४०-५० केबी मोकळे होतात. हे बदल करण्यापूर्वी यंत्र सुरू करता येईल अशी फ्लॉपी अवश्य तयार ठेवावी. कारण चूक झाल्यास एफ५ दाबून ही फाइल टाळण्याची सोय डॉस ६ पासून आली, ती डॉस ५ मध्ये नाही.

त्यानंतर लोटसच्या वर्कशीट मेनूतील स्टेटस पाहावे. तिथे एक्स्पांडेड मेमरीचा आकडा दिसला, की ड्रायव्हर लोटसपर्यंत पोहोचला असे समजावे. त्यानंतरही फाइल उघडली नाही, तर तिचे वर्षवार भाग करावे लागतील, कारण एक्स्पांडेड मेमरीत गेलेल्या प्रत्येक कोष्ठकाचा (सेलचा) पत्ता लोटस खालच्या ६४० केबीतच ठेवतो. ते काम मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करावे.