सलाईननं न गेलेली कमजोरी

“मॅडम, तीन बाटल्या झाल्या, पण इची कमजोरी काई जाऊन नाही राहिली. बाहेरचं तं नसन ना?” डिसेंबरात, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात सुनेला घेऊन आलेल्या सासूचा हा प्रश्न. इकडच्या खेड्यांतून तो थोड्याफार फरकानं कायम येतो, म्हणून ही हकीकत. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

सून चौतिशीची. हातपाय गळतात, डोकं जड, छातीत धडधड, रात्री तीनला जाग. ‘उदास वाटते’ असं ती एकदाही म्हणाली नाही. मन थकलं तरी आपल्याकडे बोलायचं अंगाचंच: कमजोरी, मुंग्या, घाबरं होणं. मग इलाजही अंगाचा, म्हणजे सलाईन. पाच टक्के ग्लुकोजच्या 500 मिलीच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 100 कॅलरी. ज्वारीची एक भाकर याहून जास्त देते. तरी दोन दिवस बरं वाटतं, कारण तेवढा वेळ कुणी कामाला हाक मारत नाही, नवरा उशाशी बसतो, शेजारणी विचारून जातात. हे ऐकून सासूला हसू आलं, सुनेला रडू.

दुखणं कधी सुरू झालं, हे दोघींनाही सांगता येईना. उत्तर सापडलं कापसाच्या वजनाच्या वहीत. मागच्या हंगामात ती दिवसाला 30-35 किलो वेचायची. यंदा त्याच वावरात बाकीच्या बायांचे आकडे तेवढेच, हिचे मात्र पहिल्या दिवसापासून 12-14. म्हणजे सुरुवात वेचणीच्या आधीची. मागे जात जात गोष्ट आषाढापर्यंत पोचली. दुबार पेरणीच्या धांदलीत तिची आई गेली. तेरवीला ती माहेरी दोनच दिवस राहिली आणि परत येऊन थेट वावरात गेली. त्यानंतर आईचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 9.4 निघालं, बाईमाणसाला ते निदान 12 हवं. थायरॉईड ठीक होतं. म्हणजे कमजोरी काही प्रमाणात खरीच होती, आणि ‘सगळं मनाचं आहे’ म्हणून बोळवण केली असती तर ते चुकलंच असतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची आणि चहा तिच्यापासून तासभर लांब ठेवायचा. शौचास काळं होतं, त्याला घाबरून गोळी सोडायची नाही. मग नैराश्य मोजायचे, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न विचारले. त्यात 27 पैकी 16 आले, म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी खोल.

त्यातला शेवटचा प्रश्न सासूला बाहेर बसवून विचारला: असं जगण्यापेक्षा नसलेलं बरं, असं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बाई मोकळी होते. “येते कधी कधी,” ती म्हणाली. तिच्या परवानगीनं नवऱ्याला बोलावलं. फवारणीच्या उरलेल्या बाटल्या घरात पलंगाखालीच होत्या. त्याच संध्याकाळी त्या दिराच्या घरी कुलुपात गेल्या आणि किल्ली दिराच्याच खिशात राहिली. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनचा क्रमांक तिघांच्याही मोबाईलमध्ये घातला. तिथे रात्री-बेरात्रीही मराठीत बोलता येतं.

मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्यावरची, सकाळच्या जेवणानंतर घ्यायची एक गोळी दिली. गाडी बहुतेक वेळा अडते ती इथेच. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी अस्वस्थता होते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक दहाव्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून सोडतात, नाहीतर दोन महिन्यांनी ‘बरं झालं’ म्हणून. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागते. तिची सवय लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर येते, म्हणून बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

मधल्या काळात सासू भगताकडे जाऊन आली होती. त्यानं पाच मंगळवार उपास आणि तोवर डॉक्टरचं औषध बंद, असं सांगितलं होतं. भगताशी भांडून काही साधत नाही. सासूचा त्याच्यावर विश्वास असतो, आणि भांडण झालं तर गोळी चोरून बंद होते. ताईत राहू दिला, अंगाराही. अट एवढीच की गोळी चुकवायची नाही आणि रोग्यानं उपाशी राहायचं नाही. मंगळवार सासूनं स्वतः धरले. घरातल्या दुसऱ्यानं उपास केला तर चालतो, हे भगतानंच मान्य केलं. मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी हे मात्र कुठल्याच तडजोडीत बसत नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आहे.

गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तिथे जाणं तिनं सोडलं होतं. जावेसोबत जायचं, पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, एवढंच ठरलं. तिसऱ्या आठवड्यात बाया सारखं “बरी झाली का व?” विचारू लागल्या आणि तिनं पुन्हा घर धरलं. आशाताईंनी बायांना समजावलं की विचारू नका, काम द्या. मग सतरंजी टाकायचं काम तिच्याकडे आलं. सतरंजीसाठी ती सगळ्यांच्या आधी पोचू लागली.

सहाव्या आठवड्यात त्या नऊ प्रश्नांत 16 चे 8 झाले आणि वहीत 26 किलोची नोंद दिसली.

वर्षश्राद्धाला पेरणी पुन्हा तोंडावर होती. या खेपेला नवऱ्यानंच तिला एसटीत बसवून दिलं, पाच दिवसांसाठी. पिशवीत गोळ्या मात्र आठ दिवसांच्या होत्या, कारण नाल्याला पूर आला की त्या रस्त्यावरची एसटी बंद होते.