छापील डिझाईनवरून भरतकाम सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की सुईत दोरा ओवता येतो, त्यापलीकडे काही येत नाही, फुलापानांचं एक डिझाईन प्रिंट काढून ठेवलंय आणि आता कापड कुठलं, दोरा किती आणि टाके किती शिकायचे हे कळत नाहीये. टाक्यांचं आधी सांगते कारण बहुतेक जण तिथेच घाबरतात. सुरुवातीला तीन टाके पुरतात. सरळ रेघांना उलटी टीप (बॅकस्टिच, यात प्रत्येक टाका थोडं मागे येऊन घेतात), वळणाच्या देठांना दांडी टाका (दोरीसारखा पिळदार दिसतो) आणि पाकळ्यांना साखळी (एकात एक अडकलेल्या कड्या). फुलाच्या मध्यभागी ठिपके असतील तर गाठीचा टाका, पण तो नंतर शिकलात तरी चालतं. टाक्यांचा तक्ता पाठ करून मग डिझाईन घ्यायचं असं काही नसतं, डिझाईन करता करताच टाके हातात बसतात.

आधी त्या प्रिंटकडे नीट बघा. नुसत्या रेघांचं डिझाईन असेल तर उत्तम. मोठमोठे भरीव आकार असतील तर ते पहिल्यांदा नको, कारण भरीव टाक्यात दोरे एकाला एक चिकटून एका दिशेने बसवावे लागतात आणि नव्या हाताला कडा सरळ येत नाही. आकार आवडलाच असेल तर नुसती बाह्यरेषा भरा, आतलं रिकामं सोडा, छान दिसतं. प्रिंट लहानमोठी करता येते पण फार लहान करू नका, एक सेंटिमीटरच्या आतल्या पानाला वळण देताना टाके एकमेकांवर चढतात.

कापड साधं सुती, घट्ट विणीचं, फिकट रंगाचं. ताणलं जाणारं होजिअरी किंवा सुळसुळीत सिंथेटिक पहिल्यांदा अजिबात घेऊ नका. कापड आधी धुऊन इस्त्री करून घ्या, नाहीतर सुती कापड नंतर आटतं आणि भरलेल्या भागाभोवती चुण्या पडतात. डिझाईनच्या चारी बाजूंना तीन-चार बोटं जागा सोडून कापा म्हणजे रिंगमध्ये, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या गोल चौकटीत, पकडायला मिळेल.

आता छापणं, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच आहे, कारण रेघ वाकडी उतरली तर पुढे कितीही सफाईने भरा ती वाकडीच दिसणार. कापड फिकट असेल तर प्रिंट खिडकीच्या काचेला चिकटवायची, वर कापड चिकटवायचं आणि उजेडात गिरवायचं, यापेक्षा सोपं काही नाही. गडद कापडाला शिवणकामाचा पांढरा किंवा पिवळा कार्बन पेपर घ्या, ऑफिसचा निळा-काळा कार्बन वापरू नका, त्याचे डाग जाता जात नाहीत. इस्त्रीने उमटणारे तयार छापेही मिळतात, पण ते कापडावर उलटे उमटतात, म्हणजे अक्षरं असतील तर छापा मुळातच आरशातल्यासारखा उलटा असायला हवा, आणि त्यांची रेघ बहुतेक वेळा धुऊन जात नाही म्हणून ती टाक्याखाली पूर्ण झाकावी लागते.

गिरवायला पेन कुठलं हे नीट बघा. पाण्याने जाणारं निळं पेन चांगलं, पण ती रेघ गार साध्या पाण्याने पूर्ण घालवल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने ती पक्की बसते. उष्णतेने पुसलं जाणारं पेन याच्या बरोबर उलटं, इस्त्री लागली की गायब, पण खूप थंडीत रेघ परत दिसायला लागते, त्यामुळे कुणाला भेट द्यायच्या वस्तूवर मी ते वापरत नाही. जांभळं पेन हवेनेच उडतं, तुम्ही रोज थोडं थोडं भरणार असाल तर ते नको, दुसऱ्या दिवशी डिझाईनच दिसणार नाही. कुठलंही पेन असो, आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर रेघ मारून, धुऊन बघा.

दोरा भरतकामाचा सहा पदरी सुती घ्या, त्याची लडी साधारण 8 मीटरची असते. सहाच्या सहा पदर एकदम वापरायचे नसतात. बारीक रेघेला दोन, जाडसर दिसायला हवं तर तीन. साधारण कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दोरा कापायचा, फार लांब घेतला की कापडातून जाऊन जाऊन त्याला लव येते आणि गुंता होतो तो वेगळाच. मग एक एक पदर वेगळा ओढून काढायचा आणि हवे तेवढे पुन्हा एकत्र करायचे, दोन-तीन पदर एकदम ओढले की उरलेला दोरा गाठोडं होऊन बसतो. लाल, गडद निळ्या दोऱ्याचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघून घ्या. सुई भरतकामाची, टोकदार आणि लांबट नेढ्याची. तिचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, दोन-तीन पदरांना 7 किंवा 8 नंबर बरा पडतो.

रिंग 5-6 इंचांची पुरे, हातात मावते. कापड ताठ बसायला हवं पण ओढून ओढून धागे तिरके करू नका, आणि काम थांबवलं की रिंग काढून ठेवा नाहीतर गोल वळ उमटतो.

भरताना टाका साधारण 3 मिलिमीटरचा ठेवा आणि वळण आलं की आणखी छोटा करा, वळणावर लांब टाके घेतले की गोल पानाला कोपरे दिसतात. दांडी टाक्यात दोरा सुईच्या कायम एकाच बाजूला राहिला पाहिजे, कधी वर कधी खाली गेला की दोरीसारखा पीळ मोडतो. साखळीत दोरा फार ओढू नका, कडी गोलसर राहू द्या. गाठीच्या टाक्यात दोरा सुईभोवती एकदा-दोनदा गुंडाळून, डाव्या हाताने ताणून धरून सुई वर आली त्याच्या अगदी शेजारी खाली घालायची, त्याच भोकात घातली तर अख्खी गाठ मागे निघून जाते. भरता भरता दोऱ्याला पीळ पडतोच, मध्येच सुई लोंबकळत सोडली की तो आपोआप सुटतो.

सुरुवातीला गाठ मारायची नाही असं बरेच जण सांगतात. भिंतीवर लावायच्या तुकड्याला गाठ मारलीत तरी काही बिघडत नाही, पण अंगावर घालायच्या कपड्याला ती टोचते आणि धुण्यात सुटूही शकते, तिथे सुरुवातीला दोऱ्याचं टोक मागे सोडून ठेवा आणि नंतर ते मागच्या बाजूने तीन-चार टाक्यांखालून फिरवून कापा. एका फुलावरून लांबच्या फुलावर दोरा मागून ओढत नेऊ नका, पातळ कापडातून तो पुढे दिसतो. आणि मागची बाजू अगदी पुढच्यासारखी देखणी हवी हा हट्ट सध्या सोडून द्या.

पूर्ण झालं की गार पाण्यात रेघ घालवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, आणि थोडं दमट असतानाच जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागून इस्त्री करा म्हणजे टाके चपटे होत नाहीत.