नवरा-बायको दोन देशांत असताना अमेरिकेचा टॅक्स: ‘सिंगल’वर खूण करू नका

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ओहायोत ग्रीन कार्डवर आहात, पगार वर्षाला ९०,००० डॉलर. डिसेंबर २०२५ मध्ये नाशिकला लग्न झालं. बायको तिथेच शाळेत शिकवते, तिचा पगार महिना ५०,००० रुपये, व्हिसाला अजून वेळ आहे. टॅक्सचं सॉफ्टवेअर तिचा सोशल सिक्युरिटी नंबर मागतं आणि तिथेच अडतं. एक मित्र म्हणतो ‘सिंगल’ भर. दुसरा म्हणतो आईवडिलांना पैसे पाठवतोस ना, मग ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’, म्हणजे कुटुंबप्रमुख, भर.

दोघांचंही ऐकू नका. ‘सिंगल’ मी भरून बसले होते, त्यामुळे आधी तेच सांगते.

आमचं लग्न डिसेंबर २०१५ च्या शेवटच्या आठवड्यात सांगलीला झालं. मी तेव्हा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर होते, नवरा सांगलीच्या एका कॉलेजात शिकवत होता. सुट्टी संपली तशी मी एकटी परत आले आणि मार्चमध्ये ओळखीतल्या एका टॅक्सवाल्याकडे कागद घेऊन गेले. तो म्हणाला, “नवरा इथे नाही, त्याला नंबर नाही, टॅक्सपुरत्या तुम्ही सिंगलच.” मला ते पटलं आणि मी सही केली. पुढे उन्हाळ्यात नवऱ्याच्या व्हिसासाठीचा अर्ज भरायला बसले. टेबलावर एका बाजूला महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला, त्यावर डिसेंबर २०१५ ची तारीख. दुसऱ्या बाजूला माझ्याच सहीचं त्याच वर्षाचं रिटर्न, त्यावर ‘सिंगल’. दोन्ही कागद एकाच सरकारकडे जाणार होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नियम सरळ आहे. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर ते अख्खं वर्ष टॅक्सच्या दृष्टीने तुम्ही विवाहित. लग्न २८ तारखेला झालं असो की बायको सातासमुद्रापार असो, त्याने फरक पडत नाही. मी १०४०-एक्स हा रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म भरून स्टेटस दुरुस्त केलं. माझ्या उत्पन्नावर टॅक्सचा आकडा एका डॉलरनेही बदलला नाही, पण कागद खरा झाला. पुढे बायकोसाठी तुम्हाला आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र द्यावं लागेल. त्याला रिटर्न किंवा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे करखात्याने दिलेला रिटर्नचा गोषवारा, जोडतात आणि त्यावर फायलिंग स्टेटस छापलेलं असतं.

हेड ऑफ हाउसहोल्डबद्दल. तुमच्या मित्राच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. जोडीदार ‘नॉनरेसिडेंट एलियन’, म्हणजे करापुरता अमेरिकेचा रहिवासी नसलेला परदेशी, असेल आणि तुम्ही त्याला रेसिडेंट धरायचं ठरवलं नसेल, तर या एका स्टेटसपुरतं तुम्हाला अविवाहित मानतात. पण त्यासाठी तुमच्यावर अवलंबून असलेली पात्र व्यक्ती लागते, आणि बायको ती व्यक्ती होऊ शकत नाही. आईवडील चालतात, पण ते तुमचे ‘डिपेंडंट’ ठरायला हवेत. डिपेंडंट होण्यासाठी माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी, नाहीतर कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी असावा लागतो. नाशिकला राहणारे तुमचे आईवडील त्यात बसत नाहीत, तुम्ही दर महिन्याला कितीही पैसे पाठवा. तुमच्याजवळ इथे मूल राहत असतं तर गोष्ट वेगळी होती.

म्हणजे तुमच्यापुढे रस्ते दोनच: विवाहित पण स्वतंत्र रिटर्न, किंवा दोघांचं एकत्र.

स्वतंत्र रिटर्न सोपं आहे. ‘मॅरीड फायलिंग सेपरेटली’वर खूण करायची, बायकोचं नाव लिहायचं आणि नंबराच्या जागी इंग्रजीत एनआरए ही तीन अक्षरं लिहायची. तिला कुठलाही नंबर काढावा लागत नाही. तिचा भारतातला पगार, एफडी, काहीच या रिटर्नमध्ये येत नाही. अमेरिकेत तिचं उत्पन्न नसेल तर तिला इथे काही भरायचंही नाही. सॉफ्टवेअर एनआरए घेत नसेल तर रिटर्न छापा, सही करा आणि पोस्टाने पाठवा. मी पहिली दोन वर्षं तेच केलं.

एकत्र भरायचं तर फायदा किती, ते तुमच्याच आकड्यांवर बघू. २०२५ साठी स्वतंत्र भरणाऱ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे मिळकतीतून मिळणारी ठरावीक वजावट, १५,७५० डॉलर, एकत्र भरणाऱ्यांना ३१,५०० डॉलर. तुम्ही स्वतंत्र भरलंत तर ७४,२५० डॉलरवर कर लागेल, तो होतो ११,२४९ डॉलर. एकत्र भरलंत तर बायकोचे वर्षाचे सहा लाख रुपये, म्हणजे ढोबळ ७,००० डॉलर, मिळकतीत मिळवावे लागतील. एकूण ९७,००० मधून ३१,५०० वजा जाता उरतात ६५,५००. त्यावर कर ७,३८३ डॉलर. फरक ३,८६६ डॉलरचा. तिने भारतात भरलेल्या आयकराचं श्रेय फॉर्म १११६ वर घेता येतं, पण सहा लाखांच्या पगारावर भारतात हल्ली कर जवळपास लागतच नाही, त्यामुळे श्रेय घेण्यासारखं फारसं काही नसेल. ती १२ महिन्यांत किमान ३३० दिवस अमेरिकेबाहेर राहिली असेल तर फॉर्म २५५५ वापरून तिचा पगार वगळता येतो, मग आकडा आणखी थोडा खाली येतो.

हा आकडा बघून लगेच उडी मारू नका. एकत्र रिटर्न भरायला तुम्ही दोघांनी मिळून असं लिहून द्यायचं असतं की आम्ही तिला पूर्ण वर्षासाठी अमेरिकेची रहिवासी धरायला तयार आहोत. त्या क्षणापासून तिचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या करात येतं. लग्न डिसेंबरात झालं तरी तिचा जानेवारीपासूनचा पगार धरायचा. आणि हे फक्त एका वर्षापुरतं नसतं. पुढच्या वर्षी तुम्ही स्वतंत्र रिटर्न भरलंत तरी ती रहिवासीच धरली जाते. नको झालं तर हा पर्याय लेखी मागे घेता येतो, पण एकदा संपला की तुमच्यापैकी कुणालाही तो पुन्हा कधीच घेता येत नाही. सही तिचीही लागते. म्हणून तिला नीट समजावून सांगा, तिचे कागद तिच्याबरोबर बसून बघा. तुमच्या टॅक्समध्ये चार हजार वाचावेत म्हणून नाशिकला बसलेल्या मुलीला दुसऱ्या देशाच्या करखात्यापुढे उभं करताय, तिला विचारल्याशिवाय ते करू नका.

आमच्याकडे काय निघालं ते सांगते. व्हिडिओ कॉलवर नवऱ्याने कपाटातला पत्र्याचा डबा उघडला. त्यात एफडीच्या सात पावत्या, पीपीएफचं पासबुक आणि दोन म्युच्युअल फंडांच्या एसआयपीची स्टेटमेंट. सातपैकी तीन पावत्यांवर पहिलं नाव सासूबाईंचं, पैसेही त्यांचेच. नवऱ्याचं नाव दुसरं, फक्त सोयीसाठी. त्यांचं व्याज आम्ही त्याच्या उत्पन्नात धरलं नाही, पण पैसे कुणाचे ते दाखवणारे बँकेचे कागद जपून ठेवले. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त, अमेरिकेत नाही. ते ऐकून नवरा बराच वेळ गप्प होता.

खरी अडचण म्युच्युअल फंडांची. भारतातला फंड अमेरिकेच्या कायद्यात ‘पीएफआयसी’, म्हणजे निव्वळ गुंतवणुकीवर चालणारी परदेशी कंपनी, ठरतो. प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१, आणि विकल्यावर नफ्याची आकारणी अशी की नफ्याचा मोठा हिस्सा त्यातच जावा. दोघांच्या मिळून अशा फंडांची किंमत वर्षअखेरीस ५०,००० डॉलरच्या आत असेल, त्या वर्षी काही विकलं नसेल आणि मोठा लाभांशही आला नसेल, तर बहुतेकदा फॉर्ममधून सुटका होते. आम्ही वेगळा मार्ग घेतला. डिसेंबर २०१६ मध्ये नवऱ्याने दोन्ही एसआयपी बंद करून युनिट विकले. त्या वर्षी तो अमेरिकेच्या दृष्टीने परकाच होता, त्यामुळे तो नफा इथे आलाच नाही. एकत्र रिटर्न आम्ही २०१७ पासून भरलं.

आणखी एक गोष्ट, जिच्यात आमचे दोन रविवार गेले. भारतातला फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा असतो, अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. फॉर्म १६ वरचा आकडा उचलून टाकता येत नाही. दर महिन्याच्या पगाराच्या पावत्या घेऊन जानेवारीपासून बेरीज करावी लागते. व्याजाचंही तसंच, पासबुकातल्या तारखा बघून. बायकोला आत्ताच सांगा, पगाराच्या पावत्या एका फोल्डरात ठेवायला सुरुवात कर.

आता नंबराचं. एकत्र रिटर्नसाठी तिला आयटीआयएन लागेल, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा करापुरता नंबर. त्याचा अर्ज म्हणजे डब्ल्यू-७, आणि तो पहिल्यांदा कागदी रिटर्नला जोडूनच टेक्सासमधल्या ऑस्टिनला जातो. त्यासोबत मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते. आपल्याकडच्या नोटरीचा शिक्का चालत नाही. व्हिसाची मुलाखत कधीही लागू शकते, अशा वेळी मूळ पासपोर्ट पोस्टात टाकू नका. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, नेमलेले ‘सर्टिफाइंग अक्सेप्टन्स एजंट’ भारतातही आहेत, आयआरएसच्या साइटवर देशवार यादी असते. ते पासपोर्ट बघून दाखला देतात आणि पासपोर्ट तिथल्या तिथे परत करतात. मी रिटर्न छापून, सही करून सांगलीला कुरिअर केलं. सोबत तो एक पानी जाहीरनामा: वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमच्यापैकी एक अमेरिकेची रहिवासी व दुसरा नॉनरेसिडेंट होता, दोघांनाही पूर्ण वर्ष रहिवासी धरावं, दोघांची नावं, पत्ते, नंबर आणि सह्या. नवऱ्याने सह्या केल्या आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला एजंटाकडे गेला. त्या माणसाने पासपोर्ट पान न् पान उलटून पाहिला, प्रती काढल्या, दाखल्यावर सही केली आणि पासपोर्ट हातात दिला. नंबर यायला एरवी सुमारे सात आठवडे लागतात, टॅक्सच्या हंगामात ९ ते ११. रिफंड त्यानंतर. पुढे तिला ग्रीन कार्डवर सोशल नंबर मिळाला की आयटीआयएन वापरणं बंद करायचं आणि आयआरएसला तसं लेखी कळवायचं.

रिटर्न कुठलंही भरा, तुमच्या स्वतःच्या भारतातल्या खात्यांचं विसरू नका. वर्षात कधीही सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरवर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरायचाच. लग्नानंतर बायकोसोबत संयुक्त खातं उघडलं असेल तर त्यातली पूर्ण रक्कम तुमच्या नावे धरली जाते. एकत्र रिटर्नच्या निवडीमुळे बायकोवर मात्र एफबार येत नाही, त्या कायद्यात ही निवड धरत नाहीत. परदेशी मालमत्तेची माहिती देणारा फॉर्म ८९३८ वेगळा. एकत्र भरलंत तर तिची भारतातली खाती आणि गुंतवणूकही त्यात मोजायची. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी मर्यादा वर्षअखेरीस १,००,००० किंवा वर्षात कधीही १,५०,००० डॉलर. स्वतंत्र भरणाऱ्याला याच्या निम्मी.

ओहायोत राज्याचं रिटर्न केंद्राच्या स्टेटसप्रमाणेच जातं, तिथे वेगळा विचार नको. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातले कुणी हे वाचत असतील तर त्यांनी आधी जाणकाराला विचारावं, तिथे नवरा-बायकोच्या सामायिक मिळकतीचा कायदा मध्ये येतो.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? बायकोकडे फक्त पगार आणि एक-दोन एफडी असतील आणि ती मनापासून तयार असेल, तर एकत्र. तिच्याकडे बऱ्याच एसआयपी असतील किंवा तिला अजून हे सगळं नीट कळलं नसेल, तर या वर्षी स्वतंत्र. स्वतंत्र भरलेलं रिटर्न साधारण तीन वर्षांच्या आत १०४०-एक्सने एकत्र करता येतं, मात्र मधल्या वर्षांची रिटर्नंही मग त्याप्रमाणे दुरुस्त करावी लागतात. उलट करता येत नाही: मुदत संपल्यावर एकत्र भरलेलं स्वतंत्र होत नाही.

कागद जमायला वेळ लागणार असेल तर १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्या. ही मुदत रिटर्नची आहे, पैशांची नाही. काही देणं निघणार असेल तर स्वतंत्र रिटर्नचा मोठा आकडा धरून एप्रिलमध्येच भरून टाका. एकत्र भरल्यावर जास्तीचं परत येईल.