मीटरचा नंबर बरोबर, रीडिंग मात्र भलतंच

प्रश्न : वायरलेस एम-बसची (मीटरचं रीडिंग रेडिओने पाठवायच्या पद्धतीची) एक लायब्ररी वापरून पाण्याच्या मीटरचे टेलिग्राम, म्हणजे त्याने हवेतून पाठवलेले संदेश, वाचतोय. रिसीव्हर 868.95 मेगाहर्ट्झवर आहे. मीटरचा नंबर तंतोतंत येतो. रीडिंग मात्र दर टेलिग्रामला नवीनच, कधी कोटींत, कधी चक्क उणे. अँटेना बदलू की लायब्ररी?

उत्तर : अँटेनाला हात लावू नका. सिग्नल खराब असता तर सीआरसी (संदेशातल्या चुका पकडणारा तपासणीचा आकडा) जुळला नसता आणि टेलिग्राम तिथेच गळाला असता. तुमचं मीटर एन्क्रिप्टेड आहे. नंबर, कंपनीचा कोड आणि मीटरचा प्रकार सुरुवातीला उघडेच असतात. कुलूप पुढच्या मजकुराला, बहुतेकदा एईएस-128 या एन्क्रिप्शन पद्धतीचं. किल्ली 16 बाइटची, म्हणजे 32 हेक्स (सोळाच्या पायाचे) अंक. ती पाणीपुरवठा करणाऱ्यांकडे रीतसर मागा. अंदाजपंचे सापडणाऱ्यातली ती नव्हे.

किल्ली मिळाली की लगेच रीडिंगकडे धावू नका. उलगडलेल्या मजकुराचे पहिले दोन बाइट बघा. एन्क्रिप्शनचा प्रकार मोड 5 असेल तर ते 2एफ 2एफ यायलाच हवेत. आले नाहीत तर किल्ली चुकलीय, नाहीतर आयव्ही (कुलूप उघडताना किल्लीबरोबर लागणारा सुरुवातीचा आकडा). आयव्ही म्हणजे कंपनीचा कोड, मीटरचा पत्ता (त्यातच मीटरचा नंबर असतो) आणि पुढे ॲक्सेस नंबर (टेलिग्रामचा एका बाइटचा क्रमांक) आठ वेळा. स्क्रीनवर 12345678 दिसणारा नंबर हवेतून 78 56 34 12 असा येतो, आणि आयव्हीत तो तसाच उलटा हवा. स्वतः कोड लिहिणारे इथे तो सुलटा करून घालतात आणि मग किल्लीच्या नावाने बोटं मोडतात.

आता समजा पुढे 04 13 डी2 04 00 00 आलं. 04 म्हणजे 32 बिटांचा पूर्णांक, 13 म्हणजे घनफळ, लिटरमध्ये. उरलेले चार बाइट उलटे वाचा : 1234 लिटर, अर्थात 1.234 घनमीटर. 13 ऐवजी 14 असेल, तर तेच बाइट 12.34 घनमीटर सांगतात. म्हणून एकक कोडमध्ये ठोकून बसवू नका. 04 च्या जागी 0सी असेल तर आठ अंकी बीसीडी, म्हणजे एका बाइटमध्ये दोन दशमान अंक. तिथे हेक्सचं दशमान करत बसायचं नाही, बाइट उलटे वाचून अंक आहेत तसेच घ्यायचे.

आणि हो, लायब्ररीचं. 2एफ 2एफ न तपासता कोटींचे आकडे बिनदिक्कत छापणारी लायब्ररी मी तरी ठेवणार नाही. 'डब्ल्यूएमबसमीटर्स' हा मुक्तस्रोत प्रोग्राम बघा. त्यात तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर (त्या मीटरचा मजकूर वाचणारा भाग) आहे का, ते आधी तपासा.