सिस्टरना विचारा : पापणीवर नजर ठेवा

प्रश्न : सिस्टर, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून मी वाळवा तालुक्यातल्या एका दवाखान्यात नुकतीच लागलेय. परवा पहाटे एक शेतमजूर बाई पोटात कळ येते म्हणून आली. रात्री जमिनीवर झोपली होती, काहीतरी चावल्यासारखं वाटलं म्हणाली. अंगावर खूण नाही, सूज नाही. बीपी, पल्स नॉर्मल, ऑक्सिजन ९८. डॉक्टर म्हणाले, “मण्यार असू शकतो, लक्ष ठेवा.” अशा वेळी नर्सने नेमकं काय बघायचं?

उत्तर : डॉक्टरांचा संशय रास्त आहे. बत्तीस शिराळ्यामुळे बाहेरच्यांना सांगली म्हटलं की नागच आठवतो, पण रात्री अंथरुणात चावणारा बहुतेकदा मण्यार. त्याचे दात बारीक. दुखत नाही, सुजत नाही, कित्येकांना जागही येत नाही. सकाळी पोटदुखी, उलटी घेऊन माणूस येतो आणि अ‍ॅसिडिटीचं औषध घेऊन घरी जातो.

मॉनिटरवर विसंबू नकोस. या विषाने नसेकडून स्नायूला जाणारा संदेश तुटतो. बीपी बऱ्याचदा चांगला राहतो आणि ऑक्सिजनचा आकडा अगदी उशिरा पडतो. तोवर श्वासाचे स्नायू थकलेले असतात.

म्हणून आधी पापण्या. कॉटजवळ जा, बोट तिच्या कपाळाच्या वर धर आणि मिनिटभर त्याच्याकडे बघत राहायला सांग. मान हलवायची नाही, फक्त डोळे. पापणी हळूहळू बुबुळावर उतरू लागली की डॉक्टरांना उठव. नातेवाईक म्हणतील, “रात्रभर झोप नाही हो, डोळे जड झालेत.” ऐकून घे आणि फोन लाव. एकाचे दोन दिसतात का, तेही विचार. मग उशीवरून डोकं उचलायला सांग. शेवटी छाती भरून श्वास घ्यायला लावून एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लाव. धडधाकट माणूस तिशीच्या पुढे जातो. हे किमान दर तासाला कर आणि आकडा वेळेसकट चार्टवर लिही. ३२, मग २७, मग १९ असा उतरता क्रम दिसला, तर ऑक्सिजन ९८ असला तरी पेशंट बिघडतोय. नुसतं ‘व्हायटल्स स्टेबल’ लिहून मोकळ्या होणाऱ्या पोरींचा मला राग येतो तो यासाठीच.

आवाज नाकात येऊ लागला, थुंकी तोंडात साठू लागली, तर कुशीवर वळव. सक्शन (थुंकी ओढून घेणारं यंत्र) आणि अ‍ॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आधीपासून हाताशी हवी. तोंडाने पाणीसुद्धा नाही.

साप कुणी पाहिलेला नाही, म्हणजे घोणस किंवा फुरसंही असू शकतं. त्यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी. ट्यूब काचेचीच, कोरी, सुकी हवी. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची चालत नाही. २ मिली रक्त घालून वीस मिनिटं न हलवता ठेव, मग एकदाच तिरपी कर. मण्यारच्या दंशात रक्त गोठतं, म्हणून ट्यूब बघून निर्धास्त होऊ नकोस.

एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू झालं की कॉट सोडू नकोस. टेस्ट डोस द्यायचा नसतो. लहान मुलालाही डोस मोठ्यांइतकाच. खाज, अंगावर गांधी, खोकला, थंडी यांतलं काहीही दिसलं की ड्रिप थांबव आणि डॉक्टरांना हाक मार. अशा रिअ‍ॅक्शनवरचं अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये आधीच भरलेलं असावं, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत. मात्र एकदा निकामी झालेली नसांची टोकं एएसव्हीने सुधारत नाहीत, ती आपसूक भरून यावी लागतात. तोवर काही दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो.

अशा पेशंटच्या बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला हलत नाहीत, हात-पाय ढिले पडतात. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. पण तो पूर्ण शुद्धीत असू शकतो! मिरजेला आमच्या आयसीयूत एका पोराच्या उशाशी मामाने जमिनीच्या वाटणीचा विषय काढला होता. पोरगा बरा झाला आणि मामाचं बोलणं त्याने शब्दन् शब्द आईला ऐकवलं. तेव्हा सक्शन करतानाही आधी नावाने हाक मारून सांगत जा.

प्रश्न : साप चावल्यावर कडुलिंबाचा पाला गोड लागला तर विष चढलंय, असं आमच्या जतकडे म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही. गिळण्याचे स्नायू ढिले पडत असतील तर तोच पाला श्वासनळीत जाईल. चावलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका, आवळून बांधू नका, आणि १०८ला फोन करा.