बोअरच्या पाण्यावर काम करणार असशील तर आधी हे ऐक

अरे, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यानं बोअरचं पाणी बिघडून लोक आजारी पडतात का, हे शोधायचंय ना, मग थेट फॉर्म घेऊन घरोघर सुटू नको. आधी नक्की काय मोजायचंय ते ठरव. नायट्रेट घे, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना धोका जास्त, सॅम्पल काढलं की लगेच बर्फात ठेवायचं. फ्लोराइडला प्लास्टिकची बाटली, काचेची नको. आणि पावसाच्या आधी एकदा, नंतर एकदा, असं दोनदा घे, एकाच सॅम्पलवर उड्या मारणारे लई बघितलेत.

खरी गोम पुढं आहे. सोलापुरात ज्या बाईला खोकला विचारशील ती विड्या वळत असेल, घरात चूल असेल, नवरा लूमवर म्हणजे यंत्रमागावर, मग दोष कशाला देणार, कारखान्याच्या रंगाच्या पाण्याला? म्हणून काम, चूल, तंबाखू, किती वर्षं इथं राहते, सगळं विचार. लूमवाल्याला तर विचारच, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते का, कारण कापसाच्या धुळीचा त्रास असाच सुरू होतो. आणि जिथं तक्रार नाही त्या वस्तीतही तेवढीच घरं कर, नाहीतर तुलना कशाशी करणार? एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरचा अभ्यास योग्य आहे का ते बघणाऱ्या समितीची, परवानगी मात्र आधी, नंतर मागून मिळत नसते बाबा.